त्रेसष्ट वर्षांची मैफल : क्लारा शूमान

युरोपातील कोणत्याही मोठ्या शहरी पियानोवादनाच्या कार्यक्रमास गेले असता जे दृश्य दिसते, ते बहुधा सर्वत्र सारखेच असते. रंगमंचावर एकच पियानो असतो. वादक येतो, श्रोत्यांना लवून अभिवादन करतो आणि समोर कागदाचा चिटोराही न ठेवता दीड-दोन तास वाजवितो. जे वाजवितो ते बहुधा स्वतःचे नसते. ते बाखचे असते, बीथोवनचे असते, शोपँचे असते. श्रोते निःशब्द बसून ऐकतात. ही रीत इतकी रूढ झाली आहे की, ती अनादि कालापासून चालत आली असावी असे वाटावे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ती अस्तित्वातच नव्हती. ती कोणी घडविली असा प्रश्न केल्यास फ्रांझ लिस्टचे नाव प्रथम पुढे येते, आणि ते योग्यही आहे. एकट्याने सबंध मैफल रंगविण्याचे धाडस १८४० च्या सुमारास त्यानेच केले. पण लिस्टने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८४७ मध्ये, पैसे घेऊन मैफली करण्याचे सोडून दिले. ज्या व्यक्तीने हा व्यवसाय त्रेसष्ट वर्षे केला, त्याला शिस्त दिली आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपविला, ती व्यक्ती एक स्त्री होती. तिचे नाव क्लारा शूमान.

या कारकिर्दीचे मोल कळावे यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे गवई रागाचा विस्तार बैठकीतच करतो. रचना आणि सादरीकरण एकाच कंठातून एकाच वेळी निघते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही दोन कामे हळूहळू दोघांकडे वाटली गेली. संगीतकार सबंध कृती स्वरलिपीत लिहून ठेवतो. वादक ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि ती नादात आणतो. म्हणजे वादकाचे नाते मूळ कृतीशी भाष्यकाराचे असते. भाष्यकाराने स्वतःचे पांडित्य मिरवावे की मूळ ग्रंथ उजळावा, हा वाद जसा आपल्या शास्त्रीपंडितांत आहे, तसाच तो पियानोवादकांतही होता. क्लारा शूमानचे सारे आयुष्य म्हणजे या वादाला दिलेले एक उत्तर होय.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी जर्मनीतील लाइपझिग शहरी झाला. वडील फ्रीडरिश वीक हे पियानोचे शिक्षक आणि पियानोचे व्यापारी. आई मारिआने उत्तम गाणारी व वाजविणारी. घर संगीताने भरलेले होते, पण सुखाने भरलेले नव्हते. क्लारा पाच वर्षांची असताना आईबाप विभक्त झाले आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणे मुलीचा ताबा बापाकडे गेला. ही मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलतच नसे; तिला ऐकू येत नसावे अशी घरच्यांची समजूत होती. पुढे याच कानांवर सबंध युरोपने विश्वास टाकला, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल.

वीक हा कठोर पण कुशल गुरू होता. मुलीला पियानोवर बसवावयाचे ते केवळ बोटांच्या कसरतीसाठी नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते. रोज एक तास तालीम, त्यानंतर बेताचा रियाज आणि मोकळ्या हवेत लांब फेरफटका, असा त्याने क्रम ठेवला. गायन, व्हायोलिन, स्वरसंगतीचे शास्त्र, रचनाशास्त्र, फ्रेंच व इंग्रजी भाषा, हे सारे तिला शिकविले. मात्र या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलीच्या नावाने रोजनिशी उघडण्यात आली. तीत ‘मी’ म्हणून जे लिहिलेले आहे, ते कित्येक वर्षे बापाच्या हातचे आहे. मुलीने काय वाजवावे, कोठे जावे, कोणाशी बोलावे, हे तर तो ठरवीच. पण तिने स्वतःविषयी काय म्हणावे, हेही तोच ठरवीत होता.

२० ऑक्टोबर १८२८ रोजी, नऊ वर्षांची असताना, क्लाराने लाइपझिगच्या गेवांडहाउस या विख्यात संगीतगृहात प्रथम वाजविले. दुसऱ्या एका वादिकेच्या कार्यक्रमात दोघींनी मिळून वाजवावयाची ती रचना होती. दोन वर्षांनी त्याच गृहात तिचा स्वतःचा कार्यक्रम झाला. १८३१ च्या पावसाळ्यानंतर बाप-लेक दौऱ्यावर निघाली. वायमार येथे वृद्ध महाकवी गटे याने तिचे वादन ऐकून स्वतःची मुद्रा असलेले पदक तिला दिले. तेथून ती पॅरिसला पोहोचली. पण १८३२ च्या त्या वसंतात पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ उसळली, धनिक लोक शहर सोडून गेले आणि दौऱ्यावर पाणी पडले.

त्या काळी दौरा म्हणजे काय असे, याची आज कल्पना येणे कठीण आहे. आगगाडी नव्हती, घोडागाडीतून खडबडीत रस्त्यांनी दिवसेंदिवस प्रवास करावा लागे. कार्यक्रम ठरविणारे व्यवस्थापक नव्हते. नव्या शहरी गेल्यावर ओळखीची पत्रे घेऊन प्रतिष्ठितांचे उंबरठे झिजवावे, कोणाच्या दिवाणखान्यात फुकट वाजवून नाव करून घ्यावे, मग सभागृह भाड्याने घ्यावे, जाहिराती छापाव्या, तिकिटे विकावी, पियानो उसना मिळवावा आणि तो सुरात लावावा. हे सारे वीक स्वतः करी. मुलगी पाहत होती आणि शिकत होती. बोटांच्या शिक्षणाइतकेच हे शिक्षणही पुढे तिच्या उपयोगी पडावयाचे होते.

त्या वेळच्या मैफलीचे रूपही निराळे होते. एखादे गाणे, मध्येच वाद्यवृंदाचा तुकडा, नंतर लोकप्रिय नाटकातील चालींवर रचलेली नखरेल बोटकसरत, अशी ती खिचडी असे. क्लाराही आरंभी हेच वाजवी. पण १८३७ साली बर्लिन येथे तिने बीथोवनची एक सबंध मोठी सोनाटा, ‘अपासिओनाटा’ या नावाने ओळखली जाणारी, पुढ्यात स्वरलिपी न ठेवता वाजविली. आज ज्याचे कौतुकही होत नाही, ते तेव्हा औद्धत्य ठरले. बेटिना फॉन आर्निम या विदुषीने, ही मुलगी कागदावाचून वाजविते म्हणजे केवढा हिचा ताठा, अशा अर्थाची टीका केली. त्यानंतर क्लारा व्हिएन्नाला गेली आणि १८३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तिला राजदरबारची वादिका ही पदवी दिली. ती परकी होती, प्रॉटेस्टंट होती आणि अवघी अठरा वर्षांची होती. असा बहुमान मिळण्यास यांतील एकेक गोष्टही आड यावयास पुरेशी होती. ग्रिलपार्झर या नाटककाराने तिच्यावर कविता केली आणि व्हिएन्नाच्या हॉटेलांतून तिच्या नावाचा केक विकला जाऊ लागला.

याच सुमारास घरात वादळ घोंगावत होते. १८३० पासून वीकच्या घरी रोबेर्ट शूमान नावाचा एक तरुण शिष्य राहावयास आला होता. त्याला मोठा पियानोवादक व्हावयाचे होते. परंतु उजव्या हाताच्या बोटाला कायमची इजा होऊन ती आशा संपली व तो रचनेकडे वळला. क्लाराचे आणि त्याचे मन जुळले. वीकने या विवाहास कडाडून विरोध केला. त्याने घडविलेली कलावती एका निष्कांचन रचनाकाराच्या संसारात नाहीशी होईल, ही त्याची भीती होती, आणि तिच्या मिळकतीवरचा हक्कही त्याला सोडावयाचा नव्हता. १८३९ साली त्याने सोबत येण्याचे नाकारले, तेव्हा क्लारा बापावाचून पॅरिसला गेली आणि तेथे तिने आपले कार्यक्रम आपणच ठरविले. वयाच्या विसाव्या वर्षी एका अविवाहित मुलीने हे करणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. विवाहाची परवानगी मिळविण्यासाठी दोघांना कोर्टाची पायरी चढावी लागली. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, म्हणजे तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झाले.

क्लारा वीक आता क्लाराबाई शूमान झाल्या. पुढील चौदा वर्षांत त्यांना आठ अपत्ये झाली. शूमान हे मोठ्या प्रतिभेचे रचनाकार; पत्नीच्या कलेची त्यांना खरी जाण होती. तरीही घर लहान, भिंती पातळ. पती लिहावयास बसले की पत्नीचा पियानो बंद. दिवसात रियाजाला एक तासही मिळत नाही आणि हात मागे पडत चालला आहे, अशी खंत त्यांनी दांपत्याच्या सामाईक रोजनिशीत नोंदविली आहे. असे असूनही या वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक जाहीर कार्यक्रम केले. १८४१ च्या ऑगस्टमध्ये पतीची पियानो व वाद्यवृंदासाठी लिहिलेली नवी कृती त्यांनी गेवांडहाउसमध्ये वाजवून पाहिली, तेव्हा पहिल्या मुलीच्या जन्मास तीन आठवडेही उरले नव्हते. हीच कृती पुढे वाढून अ मायनरमधील प्रसिद्ध काँचेर्टो झाली, आणि १८४५ च्या डिसेंबरमध्ये ड्रेस्डेन येथे तिचे पहिले जाहीर वादनही क्लाराबाईंनीच केले. पतीच्या निकामी झालेल्या हाताची जागा पत्नीच्या हातांनी घेतली होती.

पण दौऱ्यांचा प्रश्न सुटत नव्हता. १८४२ साली दोघे उत्तर जर्मनीत गेले. सत्कार सारे पत्नीचे. पती केवळ तिचे सोबती. रोबेर्ट यांना हे सोसेना. ते घरी परतले आणि क्लाराबाई एकट्या समुद्रमार्गे कोपनहेगनला गेल्या. मिळकत झाली, पण घरी तान्ही मुलगी आणि खिन्न पती. १८४४ मध्ये दोन मुलींना रोबेर्ट यांच्या भावाकडे ठेवून दोघे रशियाला गेले. हिवाळ्याच्या कडाक्यात रीगा, दोर्पात अशा मजला करीत ते सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. हिवाळी राजवाड्यात झारच्या कुटुंबापुढे वादन झाले, नंतर मॉस्को झाले. पैसा मिळाला, कीर्ती मिळाली. पतीची प्रकृती मात्र ढासळत गेली. स्त्रीने घराबाहेर मिळविलेले यश घरात आणताना काय द्यावे लागते, याचा हिशेब या दौऱ्यांत आहे. ज्या समाजाने त्यांना पदके दिली, त्यानेच पुरुषाला पत्नीच्या यशाची लाज वाटावयास शिकविले होते.

क्लाराबाईंच्या अंगचा धीटपणा एका प्रसंगाने दिसून येतो. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेन शहरी बंडाळी उसळली. बंडखोर पुरुषांना सक्तीने भरती करू लागले, तेव्हा रोबेर्ट व थोरली मुलगी यांना घेऊन क्लाराबाई शहराबाहेर पडल्या. बाकीची मुले मागे राहिली होती. सात महिन्यांच्या गर्भवती असताना रात्री शेतांतून चालत त्या गोळीबार चाललेल्या शहरात परतल्या आणि मुलांना घेऊन आल्या.

खरी कसोटी १८५४ साली आली. २७ फेब्रुवारीस रोबेर्ट यांनी मनोविकाराच्या भरात ड्यूसेलडॉर्फ येथे ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचविण्यात आले आणि बॉनजवळील एंडेनिश येथील रुग्णालयात ठेवण्यात आले. क्लाराबाईंच्या पोटी तेव्हा आठवे मूल होते. एक मूल पूर्वीच दगावले होते. म्हणजे सात मुलांचे पोषण, रुग्णालयाचा खर्च आणि हाती असलेले साधन एकच, आपली दहा बोटे. जून महिन्यात बाळाचा जन्म झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाई दौऱ्यावर निघाल्या. डिसेंबरअखेर त्यांचे वीसहून अधिक कार्यक्रम झाले होते. दुसऱ्याच्या दानावर घर चालवावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. घरी तरुण योहानेस ब्राम्स मुलांकडे पाहत होता आणि खर्चाच्या वहीत जमाखर्च लिहीत होता. तो काही महिन्यांपूर्वीच शूमान कुटुंबाच्या परिचयात आला होता व पुढे युरोपातील अग्रगण्य रचनाकार झाला. डॉक्टरांनी पतीची भेट दोन वर्षे नाकारली. १८५६ च्या वसंतात बाई प्रथमच इंग्लंडला गेल्या आणि तेथून परत आल्यावर २७ जुलै रोजी त्यांना पतीचे दर्शन झाले. दोन दिवसांनी रोबेर्ट शूमान वारले.

सदतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या या स्त्रीची पुढची पस्तीस वर्षे म्हणजे एक अखंड प्रवास आहे. हिवाळाभर दौरे, उन्हाळ्यात मुलांसह काही आठवडे, आणि पुन्हा आगगाडी. बेल्जियम, हॉलंड, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स, पुन्हा रशिया. इंग्लंडला त्या १८५६ पासून १८८८ पर्यंत पुनःपुन्हा गेल्या. सभागृहे, तारखा, तिकिटे यांचा पत्रव्यवहार पुष्कळसा त्यांच्या स्वतःच्या हातचा. व्हायोलिनवादक योझेफ योआखिम यांच्यासह त्यांनी दोनशेहून अधिक कार्यक्रम केले. अंगावर सदैव काळा पोशाख, चेहऱ्यावर गांभीर्य आणि वादनात कोठेही दिखाऊ हालचाल नाही, असे त्यांचे रूप सबंध युरोपच्या परिचयाचे झाले होते.

या काळात मैफलीचे स्वरूपच पालटून गेले. नाटकी चालींवरचे नखरे मागे पडले. बाख आणि स्कार्लाटी यांच्या जुन्या रचना, बीथोवनची एखादी अवघड सोनाटा, शोपँ, मेंडेल्सझोन आणि रोबेर्ट शूमान, अशी मांडणी त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांत दिसते. रोबेर्ट शूमान यांच्या पियानोरचना त्यांच्या हयातीत लोकांना दुर्बोध वाटत. त्या वाजवून वाजवून क्लाराबाईंनी श्रोत्यांचा कान तयार केला. ब्राम्सच्या पहिल्या काँचेर्टोला लाइपझिगच्या श्रोत्यांनी १८५९ साली हिसकारून लावले होते. दोन वर्षांनी हाम्बुर्ग येथे, ब्राम्स स्वतः वाद्यवृंद चालवीत असता, क्लाराबाईंनी तो वाजविला. श्रोत्यांना आवडते ते द्यावे, की जे श्रेष्ठ आहे ते आवडावयास शिकवावे? कलावंताच्या पोटाचा प्रश्न असतो तेव्हा दुसरा मार्ग अवघड असतो. सात मुलांची आई असूनही त्यांनी दुसरा मार्ग धरला आणि त्यावर संसार चालवून दाखविला, हे त्यांच्या कारकिर्दीचे मर्म आहे.

१८६८ साली ब्राम्सने त्यांना पत्रातून सुचविले की, आता हे दौरे कमी करावे. त्याचा हेतू चांगला होता. पण बाई दुखावल्या. दौरे म्हणजे केवळ पैशासाठी केलेली पायपीट, असे जवळच्या मित्रानेही समजावे, याचे त्यांना वाईट वाटले. थोर कृती, आणि विशेषतः पतीच्या कृती, लोकांपुढे मांडणे हे आपले नेमून दिलेले काम आहे आणि ते आपल्याला श्वासोच्छ्वासासारखे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यात खोटे काही नव्हते. पैसा हवाच होता. परंतु पोट आणि धर्म या दोहोंचा त्यांनी असा मेळ घातला होता की, एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे सांगता येऊ नये.

या धर्माचा दंडही त्यांनी भरला. मुले ठिकठिकाणी वसतिगृहांत व आप्तांकडे वाढली. आईची भेट पत्रांतून. पुढे एकामागून एक आघात झाले. मुलगा लुडविग १८७० साली मनोरुग्णालयात गेला, तो तेथून परत आला नाही. १८७२ मध्ये मुलगी यूलिए वारली. ही वार्ता आली त्या दिवशी बाईंचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि तो त्यांनी पार पाडला. धाकटा फेलिक्स १८७९ मध्ये क्षयाने गेला. फेर्डिनांड १८७० च्या युद्धानंतर दुखण्यापायी मॉर्फिनच्या आहारी जाऊन १८९१ मध्ये वारला; त्याच्या मुलांचा भार साठी उलटलेल्या आजीने पूर्वीच उचलला होता. स्वतःचे उजवे अंग म्हणावे असे ते हातही मधूनमधून दगा देत. संधिवाताच्या वेदनांनी १८७० नंतरच्या दशकात त्यांना दीर्घ काळ मैफली बंद ठेवाव्या लागल्या. उपचार झाले, हात बरे झाले आणि बाई पुन्हा व्यासपीठावर आल्या.

आणखी एक हानी झाली, तिची नोंद त्या काळी फारशी कोणी केली नाही. क्लाराबाई स्वतः रचनाकार होत्या. त्यांचा पियानो काँचेर्टो १८३५ साली, त्या सोळा वर्षांच्या असताना, मेंडेल्सझोनच्या नेतृत्वाखाली गेवांडहाउसमध्ये झाला होता. १८४६ साली लिहिलेले पियानो, व्हायोलिन व चेलो यांचे त्रिकूट आज जगभर वाजविले जाते. परंतु स्त्रीने रचना करण्याची हाव धरू नये, आजवर कोणाला जमले नाही ते आपल्याला कसे जमावे, असा संशय त्यांनी विसाव्या वर्षीच रोजनिशीत लिहून ठेवला होता. वैधव्यानंतर त्यांची लेखणी जवळजवळ थांबली. दुसऱ्यांच्या कृतींना ज्यांनी आयुष्य दिले, त्यांनी आपल्या कृतींना मात्र आयुष्य नाकारले.

१८७८ मध्ये फ्रांकफुर्ट येथील होख संगीत विद्यालयाने त्यांना पियानोच्या मुख्य अध्यापिका म्हणून बोलाविले. त्यांनी अटी स्वतः घातल्या: रोज दीड तास शिकवीन, आपल्या घरी शिकवीन, आणि दौऱ्यांसाठी रजा मिळाली पाहिजे. विद्यालयाचे संचालक योआखिम राफ यांचा स्त्री-अध्यापक नेमण्यास विरोध होता. अपवाद फक्त श्रीमती शूमान, कारण त्यांना आपण पुरुषच समजतो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार नमूद आहेत. गौरव करतानाही पुरुष या पदवीवाचून दुसरा शब्द त्या विद्वानाला सुचला नाही! बाईंनी त्याची पर्वा केली नाही. चौदा वर्षे त्यांनी शिकविले. आपल्या मुली मारी व ऑयगेनी यांना हाताशी घेतले. फॅनी डेव्हिस, अ‍ॅडेलिना द लारा, लेनर्ड बॉर्विक असे शिष्य इंग्लंडातून येऊन शिकून गेले. पट्टीवर हात आपटावयाचा नाही, नाद दाबून काढावयाचा. वेग दाखविण्यासाठी घाई करावयाची नाही. रचनाकाराने लिहिलेली प्रत्येक खूण पाळावयाची, ही त्यांची शिकवण. पतीच्या समग्र रचनांचे संपादनही याच काळात त्यांनी केले.

या निष्ठेला एक कठोर कडाही होती. लिस्ट आणि वागनेर यांच्या संगीताशी त्यांचे कधीच जमले नाही, आणि त्याविषयीचे त्यांचे बोलणे न्याय्य नव्हते. पतीच्या अखेरच्या वर्षांतील काही रचना मनोविकाराने डागाळलेल्या आहेत असे ठरवून त्यांनी त्या प्रकाशात येऊ दिल्या नाहीत. चेलोसाठी लिहिलेल्या रोमान्स नावाच्या रचना तर १८९३ साली नष्ट केल्या. व्हायोलिन काँचेर्टो समग्र आवृत्तीतून वगळला गेला. तो १९३७ साली प्रथम जाहीरपणे वाजविला गेला. वारसा जपणाऱ्यालाच वारसा छाटण्याचा अधिकार असतो का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो, आणि क्लाराबाईंबद्दल कितीही आदर असला तरी त्याचे उत्तर होकारार्थी देववत नाही.

१२ मार्च १८९१ रोजी फ्रांकफुर्ट येथे त्या शेवटच्या जाहीर वाजविल्या. हायडनच्या विषयावर ब्राम्सने रचलेली, दोन पियानोंसाठीची ती कृती होती. त्या वेळी त्यांना ऐकू येणे कमी झाले होते. बालपणी ज्या कानांविषयी शंका घेतली गेली, ते कान त्रेसष्ट वर्षे राबून थकले होते. २० मे १८९६ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि बॉन येथे पतीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. ब्राम्सही पुढच्याच वर्षी गेला.

क्लाराबाईंच्या वादनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. फॅनी डेव्हिस यांनी १९२८ साली अ मायनर काँचेर्टोची तबकडी दिली, तीत त्यांच्या तालमीचा प्रतिध्वनी ऐकू येतो. १९९० पासून युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. ज्या स्त्रीला मैफलीचा पैसा मोजताना पुष्कळांनी नाके मुरडली, तिचीच मुद्रा राष्ट्राने पैशावर छापली. पण त्यांचे खरे स्मारक त्स्विकाऊ येथील रोबेर्ट शूमान यांच्या जन्मस्थानी आहे. १८२८ पासून १८९१ पर्यंतच्या सुमारे १३०० कार्यक्रमपत्रिका बाईंनी जपून ठेवल्या होत्या. त्या तेथे आहेत. आरंभीच्या पत्रिकांवर आज कोणाला न आठवणारी नावे दिसतात. पुढे पुढे ती गळत जातात आणि बाख, बीथोवन, शोपँ, शूमान, ब्राम्स ही नावे त्यांची जागा घेतात. पियानोच्या मैफलीत काय ऐकावयाचे, हे जगाने कसे ठरविले, त्याचा इतिहासच त्या कागदांत आहे. तो लिहिणाऱ्या स्त्रीला घर चालवावयाचे होते म्हणून ती बाहेर पडली होती, आणि बाहेर पडल्यावर तिने केवळ घरापुरते मिळवून परतणे नाकारले.